करडा धोबी आधी कुणाकडे

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी जुन्नरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळेला प्रयोगशाळा होती. म्हणजे एक कुलूप होतं आणि त्या कुलपामागे खोली होती. किल्ली सापडेपर्यंत फळ्यावर भागवा, असं मला रुजू होतानाच सांगितलं होतं. सहा वर्षं मी भागवत होते.

एक दिवस शाळेच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. पक्षी पाहणाऱ्यांची एक संस्था होती, तिची ही विनंती. थंडी काढायला दूरदेशाहून येणारे छोटे पक्षी तुमच्या भागात पहिल्यांदा कधी दिसतात, तेवढी तारीख सोबतच्या छापील कार्डावर लिहून पाठवा. मुख्याध्यापकांनी पाकीट उलटंपालटं केलं, आत काही पैसे भरायला सांगितलेले नाहीत याची खात्री केली आणि माझ्या हातात ठेवलं. "बाई, हे तुमचं खातं. बिनखर्चाचं आहे. करून टाका."

यादीतून मी करडा धोबी निवडला. चिमणीपेक्षा जरा लांब, पाठ राखी, पोट लिंबासारखं पिवळं, आणि शेपूट सारखी वरखाली, जशी काही कुणी दोरी बांधून ओढतंय. उन्हाळाभर हा हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे असतो, पावसाळा सरताना आपल्याकडे उतरतो. शास्त्रात त्याला गाणाऱ्या पक्ष्यांत धरतात. इथं आल्यावर मात्र तो नुसतं चिट्-चिट् करतो. गाणं बहुतेक माहेरी ठेवून येत असावा.

पहिल्या वर्षी तो मला खरोखरच दिसला. सप्टेंबरच्या मध्यावर कुकडीच्या पात्रात निर्माल्य सोडायला गेले होते, तर समोरच्या दगडावर हा शेपूट हलवत उभा. मी घरी येऊन कार्ड भरलं, पेटीत टाकलं आणि विसरून गेले.

फेब्रुवारीत संस्थेची पत्रिका आली. आतल्या पानावर एक ओळ होती: करडा धोबी, या भागातली पहिली नोंद, जुन्नर. पुढे माझं नाव, आणि नावामागे 'श्री.' नवऱ्यानं पुढचे दोन दिवस मला "अहो श्रीमान" अशी हाक मारली. शाळेत मात्र प्रकरण वेगळं झालं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर सातशे मुलांसमोर जाहीर केलं, "आपल्या बाईंनी पक्षी बघण्यात पहिला नंबर पटकावलेला आहे." शाल आली, नारळ आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना कशाच्याही टाळ्या वाजवायची सवय होती.

ऑफिसात शाल घडी करत मी म्हटलं, "सर, यात माझं काही कर्तृत्व नाही. तो येतो तेव्हा येतो."

"ते बरोबरच," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी नंबर टिकला पाहिजे."

तो टिकला नाही. पुढच्या पत्रिकेत पहिली नोंद शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकची होती, आमच्यापेक्षा पाच दिवस आधीची. नोंदवणारे गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर. शिक्षकांच्या खोलीत कवायतीचे सर म्हणाले, "काय बाई, धोबी यंदा कपडे घेऊन आंबेगावला गेला वाटतं?" सगळे पोट धरून हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांना ते लागलं होतं. "अवसरीत बटाटा येतो, बाई," ते म्हणाले. "पक्षी कुठला?"

तिसऱ्या वर्षी मी ऑगस्टच्या अखेरीपासून रोज पहाटे नदीवर जाऊ लागले, नवऱ्याच्या मावसभावाची दुर्बीण गळ्यात अडकवून. आता पहाटेच्या वेळी नदीकाठी गावातली निम्मी पुरुषमंडळी कोणत्या कामासाठी बसलेली असत, हे त्या काळच्या माणसाला सांगायला नको. मला पक्षी दिसला नाही, पण चौथ्या दिवशी तिघंजण शाळेत तक्रार घेऊन आले. त्यांतल्या एकाच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. तो खाली मान घालून म्हणाला, "बाईंनी काय बघायचं ते बघावं, पन दुर्बिन जरा पल्याड वळवायला सांगा, राव."

मी नदी सोडली. कार्ड मात्र टेबलावर पडलेलं होतं. एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता मी ते ओढलं आणि गेल्या वर्षीच्या पोस्टमास्तरांच्या तारखेच्या दोन दिवस आधीची तारीख त्यावर लिहिली. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट अक्षर चांगलं आलं. मनाशी म्हटलं, आलेला असेलच की कुठंतरी, मला दिसला नाही एवढंच.

त्या वर्षी पत्रिकेत पुन्हा अवसरीच पहिली. माझ्या खोट्या तारखेच्याही एक दिवस आधी.

मला त्या अनोळखी माणसाचा भयंकर हेवा वाटला. काय डोळे असतील, काय चिकाटी असेल. आणि मी अशी, घरात बसून तारखा पाडणारी. ही लाज मला पुढच्या खोटेपणापासून परावृत्त करील असं कुणाला वाटेल. तिनं फक्त मला जास्त आधीची तारीख टाकायला शिकवलं.

पुढच्या चार-पाच वर्षांत जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत करड्या धोब्याचं आगमन झपाट्यानं अलीकडे सरकलं. सप्टेंबरच्या मध्यावरून तो सप्टेंबरच्या सुरुवातीला आला, तिथून पोळ्याच्या आसपास. एका वर्षी तर मी त्याला थेट पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनाच्या सकाळी शाळेच्या गच्चीवर उतरवला. मुख्याध्यापकांनी त्यावर भाषण केलं. इतक्या दुरून आलेल्या परदेशी पाखरालाही आपल्या स्वातंत्र्यदिनाची जाण आहे आणि मागच्या रांगेतल्या मुलांना नाही, असा त्याचा मथितार्थ होता. माझा सत्कार झाला. त्या वर्षी अवसरीची नोंद एक दिवस मागे पडली होती. मी घरी शिरा केला. आता वाटतं, या हिशेबानं पक्षी तिकडं हिमालयात पिलांना चारा भरवत असतानाच इकडं जुन्नरला पोचलेला होता.

दोन हजार सालानंतरच्या एका जुलैत संस्थेचं पत्र आलं. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात हा पक्षी इतर कुठल्याही भागापेक्षा कितीतरी आधी येतो, हे फार महत्त्वाचं आहे. याचा अभ्यास करायला आमची एक संशोधक मुलगी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डिंभ्याच्या धरणावर येत आहे. ती पक्षी जाळ्यात धरून पायात कडं घालील आणि सोडील. दोन्ही अनुभवी निरीक्षकांनी तीन दिवस तिच्याबरोबर राहावं. मुख्याध्यापकांनी रजा तर दिलीच, वर "ऑन ड्यूटी" असा शेरा मारला. नाही म्हणायला मला एकही कारण सुचलं नाही. खरं कारण सोडून.

मंचरच्या एसटी स्टँडवर डिंभ्याच्या गाडीची वाट पाहत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धोतर, टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि त्यावर दुर्बीण. त्यांनी माझी दुर्बीण पाहिली, मी त्यांची.

"जुन्नरच्या बाई?"

"अवसरीचे मास्तर?"

त्यांनी हात जोडले. मी इतकी वर्षं मनात या माणसाशी भांडत होते, आणि समोर पाहते तर निरुपद्रवी, जरा वाकलेला माणूस. गाडी सव्वा तास उशिरा आली. आत पुढच्या सीटवर कोंबड्यांची पाटी होती. घोडेगाव मागं पडेपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "तुमची नजर लई तेज, बाई. आमच्या मागं लागून लागून दमवलं की तुमी आमाला."

"दमवलं तुम्ही मला," मी म्हणाले, आणि हे सगळ्या प्रवासात मी बोललेलं एकमेव खरं वाक्य होतं.

डिंभ्याला संशोधक मुलगी आधीच पोचली होती. पंचविशीची, पुण्याची, पावसाळी बूट घातलेली, बोलणं मोजकं आणि नम्र. धरणाखालच्या एका घरात तिनं आमची सोय केली होती. घरधनी धरणाच्या पाण्यात मासे धरायला जायचा. घरधनीण भातखाचरं बघायची आणि आम्हाला जेवायला घालायची. मुलीनं ओढ्याच्या दोन्ही काठांना बांबू रोवून त्यांच्यामध्ये केसाएवढं बारीक जाळं ताणलं होतं. पक्षी उडत आला की त्यात अलगद अडकायचा, असा बेत.

पाऊस असा की थांबायचं नाव नाही. आम्ही तिघं घोंगडी आणि छत्र्या सांभाळत ओढ्याकाठी बसलो. पहिल्या दिवशी जाळ्यात दोन बुलबुल, एक वटवाघूळ आणि घरधनिणीचा वाळत घातलेला, वाऱ्यानं उडालेला टॉवेल सापडला. दुसऱ्या दिवशी टॉवेलसुद्धा नाही. मुलगी दर वेळी दुर्बीण खाली करून आमच्याकडे आदरानं बघायची. "साधारण कुठल्या दगडावर येऊन बसतो तो?" मास्तर एक दगड दाखवायचे, मी दुसरा. ती दोन्ही दगड वहीत टिपून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरधनीण भाकरी घेऊन ओढ्यावर आली. थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिली. "कोन्चं पाखरू हुडकताय?"

मास्तरांनी शेपटीचा नमुना हातानं करून दाखवला.

"शेपूट हालवनारं व्हय? मग ते काय, तितं बसलंय की."

खरोखरच समोर एक पक्षी शेपूट हलवत होता. मास्तर उठून उभे राहिले. "हाच! बघा पोरी, हाच त्यो! लिवून घे!" त्यांचा आवाज चढला होता, इतकी वर्षं कार्डावर लिहिलेलं पाखरू एकदाचं समोर उभं होतं.

मुलीनं दुर्बीण लावली आणि हळूच म्हणाली, "काका, हा काळा-पांढरा आहे. हा मोठा धोबी. हा इथलाच. हा बारा महिने इथंच असतो, कुठं जात नाही."

मास्तर बसले. घरधनीण म्हणाली, "आमच्यासारखंच म्हनायचं की मंग," आणि टोपली घेऊन खाचराकडे गेली.

त्या संध्याकाळी ओसरीवर चहा घेत असताना मुलीनं बॅगेतून एक फाईल काढली. आत आमची सगळी कार्डं होती, वर्षानुसार लावलेली. आपली जुनी पापं अशी नीट फाईल केलेली पाहून मी कप खाली ठेवला. तिनं एक कार्ड मास्तरांपुढे धरलं.

"काका, एक विचारायचं होतं. या कार्डावर तुम्ही पक्षी चार तारखेला दिसला असं लिहिलंय. पण पोस्टाचा शिक्का एक तारखेचा आहे."

मास्तरांनी चष्मा पुसला. कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. शिक्का स्वच्छ होता. पोस्टातल्या माणसानं मन लावून मारलेला.

"लेकीकडं पुन्याला जायचं व्हतं," ते शेवटी म्हणाले. "चार तारखेला मी घरी नसनार, म्हनून आधीच टाकलं."

"म्हणजे पक्षी चारला दिसणार हे तुम्हाला एक तारखेलाच माहीत होतं?"

मास्तरांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "पोरी, पाखरू मी एकदाच बघितलं. पयल्या साली. त्याच्यानंतर न्हाई. पन आमच्या गावात सांगून बसलो व्हतो, पेपरात नाव येतंय म्हनून. सरपंचानं फेटा बांधला. मंग काय करतो?" आणि एकदम ताठ होऊन म्हणाले, "पन शिक्क्याचं बोलशील तर ऐक. पोस्टात माझी चांगली वळख हाय. पायजे ती तारीख मारून घेतली असती. पन शिक्का खोटा मारायला मी आयुष्यात कुनाला सांगितलं न्हाई. पाखराचं खोटं लिवलं, शिक्क्याचं न्हाई."

मुलीनं ते कार्ड फाईलमध्ये परत लावलं. तिनं माझी कार्डं चाळली. "बाई, तुमची मात्र सगळी जुळतात."

जुळणारच. मी दर वर्षी कार्डावरच्या तारखेनंतर दोन दिवसांनी ते पेटीत टाकत असे. विज्ञानाची शिक्षिका होते मी; खोटं पद्धतशीर करायचं एवढं मला कळत होतं.

"बाईंचं खरंच असनार," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "त्यांचं काय काढून टाकू नका. त्यांच्यावर कुरघोडी करायला म्हनून मी हे धंदे केले. त्यांचा काय दोष?"

मी गप्प बसले. हे इथं प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण तेव्हा मी प्रामाणिकपणे बोलले नाही. सत्तरीचा माणूस माझ्यासाठी हात जोडत होता आणि मी कपातल्या सायीकडे बघत होते. आपण सुटलो, एवढंच मनात आलं. रात्री झोप मात्र उत्तम लागली. सद्सद्विवेकबुद्धी वगैरे म्हणतात ती माझ्याकडे जरा उशिरा उठते.

ती सकाळी उठली. ओढ्याकडे जाताना मुलगी उत्साहानं सांगू लागली, की काकांच्या नोंदी गेल्या तरी बाईंच्या आहेतच. त्यांच्या भरवशावर ती पुढची तीन वर्षं इथं दर ऑगस्टला केंद्र चालवील, तसा अर्जही तिनं केला आहे. आणि मागून मास्तर, काठी टेकत, निसरड्या वाटेनं, "बाई, जपून या, हितं शेवाळ हाय" असं मला बजावत होते. त्या शेवाळाच्या काळजीनं माझं डोकं फिरलं. या माणसानं मला वाईट तरी वाटू द्यावं ना! तेही त्यानं स्वतःकडे घेतलं होतं.

"माझ्याही खोट्या आहेत," मी वाटेतच थांबून म्हणाले. "पहिल्या दोन सोडून सगळ्या. पंधरा ऑगस्टचीसुद्धा."

मुलीनं छत्री मिटली. पाऊस चालूच होता. ती तशीच भिजत उभी राहिली आणि मग म्हणाली, "अर्जात मी हवामान बदलतंय असं लिहिलंय, बाई."

मास्तर माझ्याकडे बघत होते. आता ते रागावतील, ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी काठी चिखलात रोवली आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "म्हंजी तुमी माझ्या खोट्याच्या फुडं पळत व्हता, आन् मी तुमच्या! दोन तालुकं उगाच धावलं, राव!"

"तुम्हाला हसू येतंय," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजातली नम्रता गेली. "मला हे सगळं तिकडं जाऊन सांगायचंय." ती पुढे गेली आणि एकटीनंच जाळं सोडवायला लागली. ओल्या जाळ्याच्या गाठी सुटत नव्हत्या. आम्ही दोघं मदतीला गेलो तर तिनं नको म्हटलं नाही, पण आमच्याकडे बघितलंही नाही. दुपारच्या गाडीनं ती गेली.

पुढच्या पत्रिकेत दोन ओळींची सूचना होती: जुन्नर व आंबेगाव येथील पूर्वीच्या नोंदी वगळण्यात येत आहेत. शाळेत ती कुणी वाचली नाही. तशी पत्रिका आमच्याकडे कधीच कुणी वाचत नसे, फक्त माझं नाव वाचत. मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे बाहेर कुणाला सांगितलंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग झालं तर."

पण सूचना येण्याच्या आधीच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, मुलीचा शाळेत फोन आला होता. तिचा अर्ज परत आला होता. तरी ती डिंभ्याला पुन्हा येणार होती, स्वतःच्या रजेत. "तुम्ही दोघं येणार असाल तर या," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आम्ही गेलो. भात पोटरीला आलं होतं, ओढ्याचं पाणी निवळलं होतं. तीच ओसरी, तीच घरधनीण. तिनं आम्हाला बघून नवऱ्याला हाक मारली, "अवं, ती पाखरावाली पावनी परत आली बगा."

पहिल्या दिवशी काही नाही. मुलगी आम्हाला दगड विचारत नव्हती. दुसऱ्या सकाळी ऊन नुकतं ओढ्यात उतरलं होतं, आणि वरच्या अंगानं चिट्-चिट् असा आवाज आला. पाण्यावरून खालीवर झोके घेत काहीतरी पिवळं आलं आणि जाळ्यात थांबलं.

मुलीनं ते दोन बोटांत मान धरून अलगद सोडवलं, पायात कडं घातलं, पंख मोजला, छोट्या पिशवीत घालून वजन केलं. मग माझ्या हातात दिलं. त्याला वजन असं नव्हतंच. नुसती ऊब होती आणि तिच्यात एक भलतंच घाईचं काळीज. इतक्या दुरून हा खरोखर आला होता, आपल्या वेळेवर, आणि मी त्याला कधी पोळ्याला बोलावलं होतं, कधी झेंडावंदनाला. मला रडू आलं नाही. ओशाळायला मात्र झालं, आणि ते कार्डाच्या ओशाळण्यापेक्षा वेगळं होतं. तिथं मी माणसांना फसवलं होतं.

हात उघडल्यावर तो समोरच्या दगडावर जाऊन बसला. पायातलं कडं दोनदा चोचीनं ओढून पाहिलं. मग शेपूट हलवायला लागला, जसं काही झालंच नाही.

मुलीनं वही मांडीवर घेतली. "साक्षीदार म्हणून तुमच्या दोघांच्या सह्या हव्यात," ती म्हणाली, आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून पहिल्यांदा जरा हसली. "तारीख मी लिहिते. वेळ सांगा."

मास्तरांनी बाही वर करून मनगटाकडे बघितलं. "नऊ वाजून बारा मिन्टं."

ती लिहू लागली तसा त्यांनी हात वर केला.

"थांब, पोरी. घड्याळ माझं तीन मिन्टं फुडं हाय."